परदेशात नेट: रोमिंग, तिथलं सिम की ई-सिम?

गल्लीतलं कोण परदेशी निघालं की रिचार्जचा प्रश्न माझ्याकडे येतो. ‘किती जीबी घेऊ?’ असं विचारतात. मी उलटं विचारतो, बँकेचा ओटीपी कुठल्या नंबरवर येतो? तो नंबर बंद पडला की कार्ड खिशात असून ऑनलाइन पैसे भरता येत नाहीत. म्हणून काहीही घ्या, इथलं सिम चालू ठेवा.

रोमिंग पॅक, म्हणजे इथलंच सिम तिकडं चालवायचा रिचार्ज, महाग पडतो, पण डोक्याला ताप नाही. आई-बाबा टूरबरोबर आठवडाभर निघाले असतील तर मी दुसरं काही सुचवतच नाही. पॅक इथूनच मारायचा, तिकडं उतरल्यावर ‘डेटा रोमिंग’ चालू करायचं. ते बटण घरीच दोन-तीनदा दाबून घ्या. बँकॉकहून विचारायला फोन लागला तर ना! क्रूझवर मात्र फोन विमान मोडवरच ठेवायचा. भर समुद्रात जहाजाचं उपग्रहाचं नेटवर्क पकडतं आणि साध्या पॅकमध्ये ते धरलेलं नसतं.

तिथलं सिम महिनाभर राहणाऱ्याला परवडतं. पासपोर्ट दाखवून मिळतं, जीबी भरपूर. अडचण देश बदलला की होते. युरोपियन युनियनमध्ये 2017 पासून एका देशाचं सिम बाकीच्या देशांत जादा पैसे न घेता चालतं. पण आपल्या टूरमध्ये स्वित्झर्लंड असतंच, आणि नेमकं तेच युनियनच्या बाहेर. दुबईत तिथल्या नेटवर्कवर व्हॉट्सॲपचे मेसेज जातात, कॉल लागत नाहीत. नातवंडांना व्हिडिओ कॉल करायच्या बेतावर पाणी.

मी स्वतः आता ई-सिम घेतो, म्हणजे कार्ड न घालता, क्यूआर कोड स्कॅन करून फोनमध्येच बसवायचं सिम. दर मधला, इथलं सिम जागेवर राहतं, नेट ई-सिमवर. आधी *#06# डायल करा. यादीत ईआयडी (EID, ई-सिमचा ओळख क्रमांक) दिसला तर फोनला ई-सिम चालतं. नाही दिसला तर विषय संपला. पहिल्या खेपेला मी ‘उतरल्यावर बसवू’ म्हणालो. क्यूआर कोड आला ईमेलवर, ईमेल त्याच फोनमध्ये. फोन स्वतःच्याच स्क्रीनवरचा कोड कॅमेऱ्यानं कसा स्कॅन करणार? वर ई-सिम बसवायलाच नेट लागतं. विमानतळाचं वाय-फाय नंबरवर ओटीपी पाठवत होतं आणि तो येत नव्हता. शेवटी रांगेत मागं उभ्या असलेल्या एका गुजराती काकांनी हॉटस्पॉट दिला, त्यांच्याच फोनवर कोड उघडून मी स्कॅन केला. तेव्हापासून ई-सिम कोल्हापुरात, घरच्या वाय-फायवर बसवतो आणि कोडची प्रिंट पासपोर्टात ठेवतो.

चीनचा मामला वेगळा. आमच्या कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावचे फाउंड्रीवाले मशिनरी बघायला तिकडं जातात, त्यांच्यासाठी सांगतो: तिथल्या सिमवर आणि हॉटेलच्या वाय-फायवर व्हॉट्सॲप, गूगल बंद. इथल्या रोमिंगवर मात्र साधारण चालतं, कारण डेटा फिरून आपल्या कंपनीच्या नेटवर्कमधून येतो. दोन पैसे वाचवायला तिथलं सिम घेऊन बसलात, तर कारखान्यातून आलेलं ड्रॉइंग उघडायचं कशात?

नुसत्या हॉटेलच्या वाय-फायवर भागवणारेही आहेत. जमतं, तयारी असेल तर. गूगल मॅप्समध्ये शहराचा नकाशा आधी उतरवून घ्या. मात्र नेटशिवाय तो गाडीचा रस्ता दाखवतो, बसचा किंवा पायी जायचा नाही. पॅक घेतला असेल तर व्हॉट्सॲपचं फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवणं बंद करा, नाहीतर ‘शुभ सकाळ’चे गुलाबच अर्धा पॅक खातील. आणि हॉटेलचं कार्ड, तिथल्या लिपीत पत्ता छापलेलं, खिशात असू द्या. बॅटरी उतरली तरी टॅक्सीवाल्याला दाखवता येतं.