कोलोरॅडो रॉकीज, हंगाम २०२५: मैदान उत्तम, कारभार भिकार

डेन्व्हरच्या रॉकीज या बेसबॉल संघाच्या २०२६ च्या हंगामी पासचं नूतनीकरण करायचं का, हे ठरवायची मुदत जवळ आली आहे आणि घरात दोन तट पडलेत. नवरा म्हणतो, यंदा तरी पैसे वाचव. लेक म्हणते, आई, घेच. मी मधे अडकले आहे, म्हणून एप्रिल ते सप्टेंबर हा पास वापरून जे वाटलं ते सविस्तर लिहिते. बेसबॉलचे नियम समजावत बसत नाही, ते तुम्हाला माहीत आहेत असं धरून चालते. निकालही माहीत असेलच: ४३ विजय, ११९ पराभव. आदल्याच वर्षी शिकागो व्हाइट सॉक्स १२१ हरले होते, तो आधुनिक काळातला सर्वाधिक पराभवांचा नकोसा विक्रम आमच्या नावावर लागायचा तीन पराभवांनी टळला. काढलेल्या आणि दिलेल्या धावांच्या फरकाचा विक्रम मात्र झालाच. उणे ४२४. १९०० नंतर इतक्या खोल कुणीच गेलं नव्हतं, १९३२ चे बॉस्टन रेड सॉक्ससुद्धा नाहीत.

मैदानाबद्दल आधी लिहिते, कारण तिथे तक्रारीला जागाच नाही. कूर्स फील्ड १९९५ चं. आता ते राष्ट्रीय लीगमधल्या जुन्या मैदानांत मोडतं, पण संध्याकाळी फर्स्ट बेसच्या बाजूला वर बसलात तर समोर पर्वतरांग आणि तिच्यामागे मावळणारा सूर्य दिसतो. असं दृश्य बेसबॉल मैदानात क्वचितच मिळतं. ऊन सोसत नसेल तर थर्ड बेसची बाजू घ्या, तिकडे सावली लवकर येते. गाडी नेऊ नका. युनियन स्टेशनला उतरून चालत गेलात तर पार्किंगचे पैसे वाचतात. आणि मुख्य म्हणजे बाहेरचं खाणं आत नेता येतं. मऊ पिशवीत पोळीभाजीचे रोल, दाण्याची चटणी, काकडी, सीलबंद पाण्याची बाटली, सगळं चालतं. आत चौघांनी पोटभर खायचं म्हटलं तर सेंटर फील्डमागच्या रॉकपाइलच्या तिकिटांपेक्षा बिल जास्त होतं. तिथली तिकिटं मैदानातली सगळ्यात स्वस्त, आणि मुलांना पहिल्यांदा घेऊन जाताना मी तीच घ्यायला सांगेन.

आता हवेबद्दल, आणि इथे मी जरा थांबणार आहे. या संघाविषयीची प्रत्येक चर्चा हवेपाशी सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते.

डेन्व्हर एक मैल उंचीवर आहे. वरच्या मजल्यावरची विसावी रांग जांभळ्या खुर्च्यांची आहे, ती ५,२८० फुटांची खूण. जोहान्सबर्गला कसोटी बघितलेल्यांना कल्पना असेल की उंचीवर चेंडू कसा सुटतो. इथे हवेची घनता समुद्रकाठच्या मानाने साधारण ८० टक्के. ४०० फूट जायचा फटका इथे आणखी वीसएक फूट सहज जातो. पण होम रनपेक्षा (थेट कुंपणापार जाणाऱ्या फटक्यापेक्षा) पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं, दुखणं मोठं आहे. कर्व्हबॉल वळतो तो हवेच्या जोरावर, आणि हवाच विरळ असल्यामुळे त्याचं वळण जवळपास पाचव्या हिश्शाने कमी होतं. सॅन डिएगोत गुडघ्याखाली बुडणारा चेंडू इथे मांडीच्या उंचीवर राहतो आणि समोरचा बॅटर तो लांब भिरकावून देतो. मैदान बांधणाऱ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी कुंपण लांब नेलं: लेफ्टला ३४७ फूट, सेंटरला ४१५. त्यामुळे आउटफिल्ड इतकं प्रचंड झालं की जे होम रन होत नाही ते तीन खेळाडूंच्या मधे पडतं आणि सिंगल, डबल, ट्रिपलची रांग लागते. चेंडू अडवणाऱ्यांचे पायही इथे लवकर थकतात.

शिवाय कोरडेपणा. १९९९ साली या एका मैदानात ३०३ होम रन लागले, तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. मग २००२ मध्ये ह्युमिडॉर आला. चेंडू ७० अंश फॅरनहाइट आणि ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीत ठेवायला लागले, म्हणजे ते वाळून टणक होत नाहीत आणि बोटांना पकडही मिळते. पूर्वी इतर शहरांतले लोक या खोलीकडे संशयाने बघायचे. २०२२ पासून तीसही मैदानांना ती सक्तीची झाली. रॉकीजने काही शोधून काढलं आणि सगळ्या खेळाने ते स्वीकारलं, असं हे मला आठवणारं एकमेव उदाहरण, आणि त्याला वीस वर्षं उलटली.

उलट्या बाजूचं दुखणं फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. आमचे बॅटर घरी आठवडाभर कमी वळणारे चेंडू बघतात आणि मग लॉस एंजेलिसला किंवा सॅन फ्रान्सिस्कोला उतरतात. तिथे तोच स्लायडर बराच जास्त वळतो. नजर बसेपर्यंत दौरा संपतो. घरी पिचर मार खातात, बाहेर बॅटर आंधळे होतात. दुसऱ्या कुठल्याच संघाला हे दुहेरी ओझं नाही.

इथपर्यंतचं टिपण मी मे महिन्यात लिहून ठेवलं होतं. १० मे रोजी सॅन डिएगोने आम्हाला २१-० ने हरवलं. दुसऱ्या दिवशी संघ जिंकला आणि त्याच दिवशी मॅनेजर बड ब्लॅक यांना काढलं. तेव्हा नोंद होती ७ विजय, ३३ पराभव. मला ब्लॅक यांचं वाईट वाटलं, आजही वाटतं. हातात जे नाही ते कुठला मॅनेजर उभं करणार? जूनच्या सुरुवातीला मायामीत तिन्ही सामने जिंकेपर्यंत या संघाने वर्षातली एकही मालिका जिंकली नव्हती. तोवर सगळा दोष उंचीचाच, असं माझं मत होतं.

पुढच्या महिन्यांत ते पार बदललं, आणि ते २०१८ चे आकडे परत चाळल्यामुळे. पिचर काइल फ्रीलँड, इथेच डेन्व्हरमध्ये वाढलेला मुलगा, त्या वर्षी १७ सामने जिंकला. त्याचा इआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरने दिलेल्या धावा, जितक्या कमी तितकं चांगलं) २.८५, आणि घरच्या मैदानावर तर २.४०. याच हवेत, याच कुंपणाआड. हेर्मान मार्केसने त्याच हंगामात २३० जणांना स्ट्राइकआउट केलं. संघाने ९१ सामने जिंकले. २०१० मध्ये उबाल्दो हिमेनेसचा इआरए २.८८ होता. म्हणजे या उंचीवर पिचिंग जमतं. ज्यांच्याकडे तशी माणसं असतात आणि त्यांना कसं वाढवायचं हे ज्यांना कळतं, त्यांना जमतं. २०२५ मध्ये आमच्या स्टार्टर पिचर्सचा इआरए ६.६५ झाला, १९१३ पासून हा आकडा अधिकृतपणे मोजला जातो त्यातला सर्वांत वाईट. २०१८ ते २०२५ या काळात डेन्व्हरची उंची काही वाढलेली नाही.

मग दोष कुठे आहे ते कागदावर स्पष्ट दिसतं. नोलन आरेनाडो हा माझ्या पिढीने बघितलेला सर्वोत्तम थर्ड बेसमन. २०१९ मध्ये त्याच्याशी आठ वर्षांचा २६ कोटी डॉलरचा करार झाला आणि दोन वर्षांत त्याला सेंट लुईसला देऊन टाकलं. वर त्याच्या पगारासाठी त्यांनाच पाच कोटींच्या आसपास डॉलर दिले. आपला सर्वोत्तम खेळाडू द्यायचा आणि तो न्यावा म्हणून पैसेही द्यायचे, हा व्यवहार मी आजवर कुठल्याच हिशेबात बसवू शकलेले नाही. त्याच वर्षी, २०२१ मध्ये, ट्रेव्हर स्टोरीला खेळाडू-बदलीच्या मुदतीआधी दुसऱ्या संघाला देऊन तरुण खेळाडू मिळवता आले असते. ठेवून घेतलं, आणि तो हंगामानंतर निघून गेला. जॉन ग्रे तर भरपाई म्हणून ड्राफ्टमधली (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली) एक जादा निवडही न मिळता गेला. आणि मग मार्च २०२२ मध्ये क्रिस ब्रायंटला सात वर्षांसाठी १८.२ कोटी डॉलर. पाठीच्या आणि इतर दुखण्यांमुळे त्याला चार वर्षांत १७० सामने खेळता आले. त्या माणसाबद्दल माझी काही तक्रार नाही, पाठ दुखणाऱ्याला काय बोलणार? पण तेवढ्या पैशांत पिचर घडवणारी अख्खी यंत्रणा उभी राहिली असती. इतर संघांनी माहिती-विश्लेषणाचे मोठे विभाग उभारले तेव्हा आमच्याकडे मूठभर माणसं होती. पदं आतल्या आत फिरत राहिली. बाहेरच्या कुणाला विचारायचं नाही, ही इथली जुनी रीत.

२०२३ च्या आधी मालक डिक मॉनफोर्ट यांनी निम्मे सामने जिंकण्याची आशा बोलून दाखवली होती. संघ १०३ हरला, इतिहासात पहिल्यांदाच शंभरी ओलांडून. पुढच्या वर्षी १०१. मग ११९. एवढं होऊनही २०२५ मध्ये तिकिटं खपली साधारण २४ लाख. उजव्या बाजूच्या वरच्या खुर्च्या काढून २०१४ मध्ये तिथे पार्टीसाठी गच्ची केली, ती संध्याकाळी भरलेली असते आणि निम्म्या लोकांची पाठ खेळाकडे असते. मैदानाशेजारी मॅकग्रेगर स्क्वेअर उभं राहिलं, तेही मॉनफोर्ट यांच्या गटाचंच. हवा छान, डोंगर छान, बिअर गार. जिंकलं काय, हरलं काय, गल्ला तोच. इथे संघ खालच्या लीगमध्येही ढकलला जात नाही. हरण्याची किंमत मोजतो तो फक्त माझ्यासारखा, जो स्कोअरबोर्ड बघायला येतो. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो, आणि ११९ पराभवांपेक्षाही जास्त येतो.

तरीही १ ऑगस्टबद्दल लिहिल्याशिवाय हा अनुभव पुरा होणार नाही. पिट्सबर्गने पहिल्याच इनिंगमध्ये नऊ धावा काढल्या, आमचा एकही बॅटर उभा राहण्याआधी. आजूबाजूचे लोक उठून चालायला लागले. लेकीने माझा हात धरून ठेवला. नवव्या इनिंगला आम्ही १२-१६ असे मागे होतो. आणि मग पाच धावा, शेवटच्या दोन ब्रेंटन डॉइलच्या होम रनवर. १७-१६. मी ओरडून ओरडून दोन दिवस धड बोलू शकत नव्हते. २००७ च्या सप्टेंबरात मी या गावात नवी आले तेव्हा हा संघ असाच वेड्यासारखा जिंकत सुटला होता, बावीस सामन्यांत एकवीस विजय. सॅन डिएगो पाद्रेजविरुद्धच्या, पुढच्या फेरीत कोण जाणार हे ठरवणाऱ्या जादा सामन्यात तेराव्या इनिंगला मॅट हॉलिडे घसरत घरी आला. त्याचा हात प्लेटला लागला का, हा वाद सॅन डिएगोवाले अजून घालतात. अंपायरने सेफ दिला, माझ्यासाठी विषय तिथेच संपला. अंतिम फेरीत, म्हणजे वर्ल्ड सिरीजमध्ये, बॉस्टनने सरळ चार सामन्यांत धुतलं, पण तोवर मी या संघाची झाले होते. डिव्हिजन (लीगमधला आपला गट) तर या संघाने जन्मापासून एकदाही जिंकलेली नाही.

२०२५ च्या जुलैत ड्राफ्टमधल्या चौथ्या निवडीने त्याच मॅटचा मुलगा ईथन रॉकीजमध्ये आला, ९० लाख डॉलरचा बोनस घेऊन. कॅचर हंटर गुडमनने ३१ होम रन मारले आणि ऑल-स्टार झाला. म्हणजे सगळंच ओसाड नाही. पण नियम बघा: सर्वांत वाईट संघ असूनही २०२६ च्या ड्राफ्टमध्ये आम्हाला दहाव्या क्रमांकाच्या वर जाता येत नाही, कारण सलग दोन वर्षं लॉटरीतून (वाईट संघांमधल्या सोडतीतून) वरची निवड मिळालेली. हरण्याचा एवढा एक फायदा असतो, तोही नाही.

नोव्हेंबरात आलेली बातमी मात्र खरी नवी आहे. बेसबॉलचा कारभार पॉल डीपोडेस्टा यांच्याकडे दिला. हा गृहस्थ ओकलंडला आकड्यांवर संघ बांधणाऱ्यांपैकी, डॉजर्सचा जनरल मॅनेजर होता, आणि गेली जवळपास दहा वर्षं क्लीव्हलँडच्या अमेरिकन फुटबॉल संघात. बेसबॉलपासून इतका काळ दूर राहिलेल्या माणसाला इथली हवा, इथला चेंडू कळायला वेळ लागेल, हे मान्य. पण तो बाहेरचा आहे, आणि मला याहून मोठी खूण नको. मालकांच्या खिशाला चटका बसल्याशिवाय त्याला मोकळा हात मिळेल का, ही शंका आहेच.

म्हणून माझा निर्णय असा. पूर्ण पास घेणार नाही. लहान पॅकेज घेईन, तेही रॉकपाइलच्या भावात बसेल तेवढंच, डबा घरचा. बाकीचे सामने संघाच्या स्वतःच्या वाहिनीवर, महिना वीसएक डॉलरमध्ये. २०२४ पासून स्थानिकांना ब्लॅकआउट (प्रक्षेपणबंदी) नाही, हे मोठं काम झालं. पर्यटक म्हणून येत असाल तर एक संध्याकाळ नक्की काढा, पैसे वसूल आहेत. संघाचा चाहता म्हणून पास घेत असाल तर मे संपेपर्यंत थांबा. तोवर बुलपेनमधून येणारे किती बदली पिचर पहिल्याच बॅटरला चार बॉल टाकून फुकट बेसवर पाठवतात ते बघा. ही संख्या कमी झालेली दिसली तरच समजा की वर कुणीतरी काम करतंय, आणि मग तिकीट काढा. मी उरलेल्या हंगामाचा पास तेव्हाच घेईन.