पॅनोप्ली : फुकट, दणकट आणि नको तितके गुळगुळीत

प्रयोगशाळेतले संगणक दुरुस्त होऊन आले आणि हवामानाच्या आकड्यांचे नकाशे काढणारी पॅनोप्ली ही संगणकप्रणाली उघडेना. तिच्या पाचव्या मालिकेतल्या आवृत्त्या चालायला जावा ही आधारप्रणाली, तीही ११ किंवा त्यापुढची लागते. देखभालीचा ठेका घेतलेल्याने जुनी ८ टाकून दिली होती आणि ती बदलण्याचे वेगळे पैसे मागितले, तेव्हा ते काम मीच उरकले. मूळ साधन नासाच्या गॉडार्ड संस्थेचे, तेही फुकट. त्यासाठी दमडी मोजायची माझी तयारी नव्हतीच. नेटसीडीएफ, एचडीएफ, ग्रिब, आकडेवारी साठवणाऱ्या यांपैकी कुठल्याही प्रकारची फाईल द्या, ते निमूटपणे उघडते.

हवामान खात्याच्या, अक्षांश-रेखांशांच्या पाव-पाव अंशाच्या चौकटींच्या जाळीवरच्या पावसाच्या फायली मी यातच पाहतो, आणि माझे भांडण आहे ते चौकटींमधले रंग अंदाजाने एकमेकांत मिसळणाऱ्या 'इंटरपोलेट' या एका पर्यायाशी, कारण तो आधीपासूनच चालू असतो. पाव अंश म्हणजे आपल्याकडे साधारण २७ किलोमीटर. महाबळेश्वर आणि वाई यांच्यातले सरळ अंतर त्याहूनही कमी, पण एकीकडे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर दुसरीकडे हजाराच्या आत. नकाशावर मात्र गडद निळ्यापासून पिवळ्यापर्यंत असा सुबक उतार दिसतो, की पसरणीच्या घाटात वळणावळणावर पर्जन्यमापक बसवले असावेत असे विद्यार्थ्यांना वाटते. पर्याय बंद केला की ओबडधोबड चौकटी दिसतात आणि आपल्या हाती किती मोजकी माहिती आहे ते कळते.

अलीकडे हा राग थोडा निवळला आहे. खात्याची जाळीच मुळात ६,९५५ पर्जन्यमापकांच्या नोंदींवरून, अंतराप्रमाणे वजन देण्याच्या शेपर्डच्या पद्धतीने भरलेली आहे, आणि त्यातही प्रत्येक केंद्राची नोंद रोज मिळालेली नसते. म्हणजे चौकटीतला आकडाही अंदाजच. पॅनोप्ली त्यावर दुसरा हात फिरवते, एवढेच. पण तो दुसरा हात न विचारता का फिरवावा, हे मला अजून पटलेले नाही.

'अॅरे'च्या पानावर प्रत्येक चौकटीचा आकडा उघडा दिसतो, हे या साधनाचे सर्वांत मोठे पुण्य. दोन वर्षांची वजाबाकी करून एकच नकाशा काढण्याची सोयही उत्तम आहे. फक्त रंगपट्टीची किमान-कमाल मर्यादा स्वतः ठरवावी, नाहीतर दुष्काळी वर्षही हिरवेगार दिसते. प्रकल्पवहीत आता नकाशाखाली 'इंटरपोलेट बंद' असे लिहिल्याशिवाय मी सही करत नाही.