मुंगळ्यांसाठी उत्तम, प्रार्थनाकीटकासाठी अयोग्य : एका निरीक्षणपेटीचे परीक्षण

'कोणत्याही कीटकासाठी उपयुक्त' असे वेष्टनावर छापलेली ही पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची पेटी मी राणीसह असलेल्या मुंगळ्यांच्या लहानशा वसाहतीसाठी वापरली आणि तशीच दुसरी पेटी प्रार्थनाकीटकाच्या पिल्लासाठी. मुंगळे तिच्यात सुखाने नांदत आहेत. प्रार्थनाकीटकासाठी मात्र ती कोणी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुंगळ्यांना उंचीची गरज नसते. त्यांना अंधार आणि ओलावा लागतो. तळाच्या प्लास्टरमध्ये कोरलेल्या दालनांना बाजूच्या छिद्रातून पाणी देता येते आणि ती ओल चांगली टिकते. मुंग्यांना लाल रंग फारसा दिसत नसल्यामुळे दालनांवरच्या लाल झाकणातून पाहिले तरी त्यांच्या कामात व्यत्यय येत नाही. बाहेरून मधाचे पाणी पिऊन आलेली कामकरी मुंगी आतल्या मुंगीच्या तोंडाला तोंड लावून पोटात साठवलेला थेंब तिला पाजते, तेव्हा दोघींच्या मिशा एकमेकींच्या डोक्यावर भराभर फिरत असतात. सोबतच्या भिंगातून हे इतके स्वच्छ दिसते की तेवढ्यासाठीसुद्धा ही पेटी घ्यावी.

प्रार्थनाकीटक हा एकट्याने राहणारा शिकारी आहे. दोन पिल्ले एकत्र ठेवली तर एक दुसऱ्याला खाण्याची शक्यताच अधिक. तो बराच वेळ निश्चल बसतो, फक्त त्रिकोणी डोके सावजाच्या रोखाने वळवतो, आणि माशी टप्प्यात येताच काटेरी पुढच्या पायांनी तिला पकडतो. खरी अडचण येते ती कात टाकताना. त्या वेळी तो छताला उलटा लटकून जुन्या कातेतून खाली सरकत बाहेर येतो, म्हणून त्याला शरीराच्या लांबीच्या निदान तिप्पट उंची आणि पाय रोवता येतील असे खरबरीत छत लागते. या पेटीचे छत ठेंगणे आणि गुळगुळीत आहे. माझे पिल्लू अर्ध्या कातेतच निसटून पडले आणि त्याचा पुढचा एक पाय, म्हणजे शिकारीचे हत्यारच, वाकडा राहिला. हे टाळता येण्यासारखे होते, याचे फार वाईट वाटते. उत्पादकाने वेष्टनावरचा तो दावा काढून टाकावा; प्रार्थनाकीटकासाठी जाळीचा उंच पिंजराच हवा.

प्रार्थनाकीटकाचे आयुष्य बहुधा वर्षभराचेही नसते, पण मुंग्यांच्या काही जातींच्या राण्या अनेक वर्षे जगतात. त्यामुळे मुंगळ्यांसाठी ही पेटी घेणाऱ्यांनी झाकणाची कड आणि पाण्याच्या छिद्राचे बूच आधीच नीट तपासून घ्यावे.