टेक्सासमधली डियर लीज: पैसे भरण्याआधी एवढं वाचाच

टेक्सासमधली आपली बरीच मराठी मंडळी हल्ली शिकारीला जायला लागलीयत, ऑफिसातले इकडचे मित्र नेतात, एकदा मचाणावरून पहाट बघितली की माणूस परत जातोच, आणि मग दरवर्षी कोणीतरी मला विचारतं की आम्हाला पण लीज, म्हणजे शिकारीसाठी वर्षभर भाड्याने जमीन, घ्यायचीय, काय बघू. त्या सगळ्यांसाठी आमच्या ग्रुपचं काय झालं ते सविस्तर लिहितोय. आम्हाला ज्याने गंडवलं तो माणूस अजून तोच धंदा करतोय म्हणून तर जास्तच.

भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून शिकार बंद, त्यामुळे हा लीजचा प्रकार आपल्याला घरून माहीत असायचं कारणच नाही. इकडे हरीण कायद्याने राज्यातल्या जनतेचं, पण ते ज्या जमिनीवर चरतं ती जमीन खाजगी. टेक्सासमधली ९५ टक्क्यांच्या आसपास जमीन खाजगी आहे, म्हणजे शिकारीचं लायसन्स खिशात असलं तरी कुंपणाच्या आत पाय ठेवायला मालकाची परवानगी लागते आणि ती परवानगी वर्षाच्या भाड्याने विकली जाते. पैसे हरणाचे नसतात, आत जायचे असतात. त्याच्यासोबत राहायला घर, पाणी, वीज, मांस थंड ठेवायची खोली असं काय काय दाखवतात आणि भांडणं बहुतेक त्याच्यावरूनच होतात.

आम्ही सहाजण होतो, चौघे ऑफिसातले अमेरिकन, मी आणि एक नागपूरचा मित्र. हिल कंट्रीतली, म्हणजे ऑस्टिनच्या पश्चिमेकडची जागा, ६४० एकर, एकरी १२ डॉलर, एकूण ७,६८० डॉलर, माणशी १,२८०. भाव अवाजवी नव्हता. मार्चमध्ये जागा बघायला गेलो तेव्हा रँचवाल्याने, म्हणजे जमिनीच्या मालकाने, स्वतः फिरवून दाखवलं, साधा, हसतमुख, साठीचा माणूस, बायकोने लिंबू सरबत दिलं. कॅम्प हाउसमध्ये सहा बंक, पंखे चालू, नळाला पाणी, मागच्या बाजूला हरीण टांगून सोलायची लोखंडी फ्रेम आणि तिच्या शेजारी आत चालत जाता येईल एवढा मोठा कूलर, तो तेव्हा बंद होता, म्हणाला सीझनला चालू करतो, आत्ता कशाला वीज जाळायची. पटण्यासारखं होतं. मी विचारलं की आमच्याशिवाय अजून किती बंदुका असणार, तर म्हणाला तुम्ही सहाच. नंतर नागपूरकराने टेक्स्ट करून परत तेच विचारलं तेव्हा त्याने लिहून पाठवलं, फक्त तुम्ही सहा, दुसरं कोणी नाही. हा टेक्स्ट लक्षात ठेवा.

ॲग्रीमेंट दोन पानांचं. त्यात तारखा, रक्कम, अपघात झाला तर मालक जबाबदार नाही, गेट लावून घ्यायचं, हे सगळं व्यवस्थित. घराबद्दल एकच ओळ, सुविधा आहे त्या स्थितीत. सहाच शिकारी राहतील असं कुठे नाही. आणि शेवटी एक कलम की या कागदाबाहेरचं कुठलंही बोलणं धरलं जाणार नाही. आम्ही म्हटलं कूलरचं आणि सहाजणांचं आत लिहा, तर तो म्हणाला माझ्या बापाच्या काळापासून हाच कागद चालतोय, माझा शब्द आहे ना, आणि यादीत अजून दोन ग्रुप थांबलेत. वर्षाचे पूर्ण पैसे एका चेकने घेतले. उन्हाळ्यात आम्ही तीन मचाणं आणि चार फीडर नेऊन उभे केले. ज्यांनी बघितला नसेल त्यांना सांगतो, फीडर म्हणजे तीन पायांवर उभं केलेलं मक्याचं पिंप, खाली बॅटरी आणि टायमर, ठरलेल्या वेळेला मका उडवतं. हे सगळं आमच्या खिशातून.

इकडे बंदुकीचा हरणाचा सीझन नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी उघडतो. आम्ही आदल्या रात्री पोचलो तर घरात अंधार. वीज कापलेली. विहिरीचा पंप विजेवर, म्हणजे पाणीही नाही. त्याला फोन केला तर म्हणाला बिलाचा काहीतरी घोळ झालाय, सोमवारी होईल. सोमवारी आम्ही ह्यूस्टनला ऑफिसात असणार हे त्याला चांगलं माहीत होतं. सकाळी आमच्यातल्या एकाला छान नर मिळाला आणि खरी पंचाईत तिथून पुढे झाली, कारण टेक्सासच्या नोव्हेंबरात दुपारी शर्ट भिजतो, मांस तासातासाने खराब व्हायला लागतं. कूलरचं दार उघडलं तर आत कॉम्प्रेसरच नव्हता. जिथे बसवलेला असतो तिथे चार बोल्ट आणि कापलेल्या तांब्याच्या नळीचं टोक, त्यावर जुनी धूळ बसलेली. म्हणजे मार्चमध्ये हसतहसत सीझनला चालू करतो म्हणाला तेव्हाही तो नव्हताच. पैशापेक्षा मला त्या माणसाच्या या खोटेपणाचा संताप आला, आजही येतो. दोघेजण तासभर गाडी हाकून बर्फ आणायला गेले, बाकीच्यांनी सावलीत ओलं कापड घालून मांस राखलं. जनावर मारायचं आणि ते वाया घालवायचं यासारखं वाईट काही नाही, आणि ती वेळ त्याने आमच्यावर आणली.

पण याहून मोठा प्रकार पुढे कळला. आमच्या एका फीडरजवळ मोबाइल सिमवाला ट्रेल कॅमेरा होता, समोर काही हललं की फोटो थेट फोनवर येतो. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या बुधवारी मी मीटिंगमध्ये असताना फोटो आला, आमच्या मचाणाच्या शिडीवर नारिंगी टोपीचा एक अनोळखी माणूस, मागे अजून एक, आणि ट्रकमध्ये बसलेला रँचवाला स्वतः. नंतरच्या आठवड्यांत मधल्या वारी असेच अजून फोटो आले, दरवेळी माणसं वेगळी. तो आठवड्याच्या मधल्या दिवसांत रोजच्या भाड्याने बाहेरचे शिकारी आणत होता, आमच्या मचाणात बसवत होता आणि आमच्याच मक्यावर आलेली हरणं त्यांना दाखवत होता. शनिवारी आम्ही जाऊन तासनतास बसायचो आणि रान सुनंसुनं, त्याचं कारण हे होतं. वर त्याने गुरं त्याच कुरणात सोडली, ती फीडरला अंग घासून दोन आडवे करून गेली. गुरांबद्दल मात्र मी त्याला दोष देत नाही, शेतजमिनीचा कमी टॅक्स टिकवायला इकडे बहुतेक मालक गुरं ठेवतात, तो त्यांचा हक्क आहे, तुम्ही फीडरभोवती जाळीचं कुंपण घालायचं आणि हे आधी विचारून घ्यायचं.

फोटो पाठवून जाब विचारला तर उत्तर आलं, कागदावर सहाचा आकडा दाखवा. अर्धे पैसे परत मागितले तर गेटच्या कुलुपाचा नंबर बदलला. आमची मचाणं, फीडर, कॅमेरे सगळं आत. म्हणाला जमिनीवर जे उभं केलंय ते जमिनीचं. त्या ॲग्रीमेंटमध्ये असं काहीही नव्हतं.

तिथून पुढे आम्ही काय केलं ते नीट वाचा, कारण बहुतेक लोक इथे हात टेकतात. ओळखीच्या एका वकीलबाईंनी सांगितलं की टेक्सासमध्ये ग्राहकाला फसवण्याविरुद्धचा कायदा भाड्याने घेतलेल्या जमिनीलाही लागतो, आणि खोटं सांगून पैसे घेतले असतील तर बाहेरचं बोलणं धरणार नाही हे कलम त्याला पूर्ण वाचवत नाही, पण दाव्याआधी ६० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ती सर्टिफाइड पोस्टाने पाठवली, सोबत टेक्स्टचा स्क्रीनशॉट, तारखेसकट कॅमेऱ्याचे फोटो आणि कूलरच्या आतले फोटो. जस्टिस कोर्टात, म्हणजे लहान रकमेच्या दाव्यांच्या स्थानिक कोर्टात, २०,००० डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय लावता येतो, तो लावणार असं स्पष्ट लिहिलं. अजून एक गोष्ट, पैसे घेऊन शिकारीला जमीन देणाऱ्या मालकाला टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ या राज्याच्या वन्यजीव खात्याचं हंटिंग लीज लायसन्स घ्यावं लागतं आणि ते जागेवर लावावं लागतं. आम्हाला ते कुठेच दिसलं नव्हतं, तेही नोटिशीत घातलं. मुदत संपायच्या आत फोन आला, सामान घेऊन जा म्हणाला आणि ३,००० डॉलरचा चेक दिला. आमच्यातले दोघे कोर्टात जायलाच हवं म्हणत होते, मला स्वतःलाही तसंच वाटत होतं, पण बाकीच्यांनी घेऊया म्हटलं आणि घेतले.

आता घेणाऱ्यांनी काय करायचं. काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे टॅक्ससाठी जमिनीची किंमत ठरवणाऱ्या कचेरीच्या, साइटवर मालकाचं नाव टाकून जमीन खरंच त्याची आहे का आणि किती एकर आहे ते फुकट बघता येतं, फेसबुकवर दुसऱ्याच्या रँचचे फोटो टाकून डिपॉझिट उकळणारेही आहेत, त्यांच्यापासून यानेच वाचाल. जमिनीखालचं तेल कोणाचं ते विचारा, इकडे खनिजाचा हक्क वरच्या जमिनीपेक्षा वरचढ असतो आणि ऐन सीझनमध्ये ड्रिलिंगचे ट्रक आले तर मालकही सहसा थांबवू शकत नाही, असं झालं तर किती पैसे परत ते लिहून घ्या. माणसं किती, पाहुणे किती, रोजच्या भाड्याचे शिकारी आणणार का, पंप बिघडला तर किती दिवसांत दुरुस्ती आणि कोणाच्या खर्चाने, लीज संपल्यावर सामान काढायला किती दिवस, जमीन विकली तर उरलेले पैसे, हे सगळं कागदावरच हवं. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीची लीज तर इकडच्या कायद्याने लेखीच लागते. आणि एचवनबीवाल्यांनो, नॉनइमिग्रंट व्हिसावर बंदूक हाताळायची मुभा बहुतेकांना चालू हंटिंग लायसन्समुळेच मिळते, ते संपलेलं असेल तर लीज घेऊन उपयोग नाही, उलट मोठ्या अडचणीत याल.

आम्ही सध्या दुसऱ्या काउंटीत आहोत, मालकीणबाई आहेत, जमीन लहान, घर नाही, तंबू टाकतो. अर्धे पैसे सही करताना आणि अर्धे १ ऑक्टोबरला जागा बघून, ही अट त्यांनी लगेच मान्य केली. सगळे मालक तसे नसतात. पण जो माणूस कूलर चालू होईल म्हणतो आणि तेवढीच एक ओळ लिहायला नाही म्हणतो, त्याला चेक देऊ नका, यादीत कितीही ग्रुप थांबलेले असोत.