भुयारी स्टेशन: बरेच महिने रोज वापरल्यानंतर

खाली उतरायला हे स्टेशन उत्तम आहे, वर यायला मात्र अजून कच्चं. पावसाळा धरून बरेच महिने रोजची ये-जा झाल्यावर माझं मत इथे येऊन ठरलं आहे.

आधी फलाट, कारण तिथे मन लावून काम झालंय. कडेला छतापर्यंत काचेची भिंत आणि गाडीच्या दारांसमोर नेमकी उघडणारी सरकती दारं. रुळांशी अशी आडकाठी ठेवण्याची कल्पना जुनी आहे, लेनिनग्राडच्या भुयारी रेल्वेत १९६१ मध्येच ती आली. पण तिचा फायदा रोज उभं राहिल्यावर कळतो. बोगद्यातून येणारी गाडी पिचकारीच्या दट्ट्यासारखी पुढची हवा ढकलत येते. उघड्या फलाटावर तो झोत धुळीसकट तोंडावर येतो, इथे तो काचेपलीकडेच राहतो. गारवा टिकतो, आवाज कमी होतो आणि लहान मुलाचा हात धरून उभं असताना जीव टांगणीला लागत नाही. एकदा माझ्या पिशवीचा पट्टा मिटत्या दारात आला. रबरी कडा त्याला टेकल्या, दार थबकलं, पुन्हा उघडलं. बस्स, एवढंच. पण त्या दिवसापासून या दारांवर माझा विश्वास बसला.

आता वर येणं. स्टेशन खोल आहे, त्यामुळे सारी भिस्त सरकत्या जिन्यांवर. त्यातला वर नेणारा एक कित्येक आठवडे बंद होता आणि 'पायऱ्या म्हणून वापरा' असं सांगितलं जायचं. सरकत्या जिन्याची पायरी साधारण वीस सेंटिमीटर उंच असते, म्हणजे नेहमीच्या जिन्यापेक्षा बरीच जास्त. शिवाय सुरुवातीच्या आणि शेवटच्या पायऱ्यांची उंची कमीजास्त असते, त्यामुळे पावलाचा अंदाज चुकतो. तरण्याताठ्यांना धाप लागते, मग गुडघे दुखणाऱ्यांनी काय करायचं?

आणखी एक. गर्दीच्या वेळी डावी बाजू चालणाऱ्यांसाठी मोकळी सोडायची सवय इथे पडली आहे. एवढ्या उंच जिन्यावर चालत जाणारे थोडेच, त्यामुळे अर्धा जिना रिकामा आणि खाली रांग. लंडनच्या होबर्न स्टेशनवर २०१५ मध्ये लोकांना दोन्ही बाजूंना उभं राहायला लावून पाहिलं, तेव्हा गर्दीच्या वेळी जास्त माणसं वर पोचली. इथेही करून पाहावं असं मनापासून वाटतं.

लिफ्ट आहेत, चालूही असतात, पण फलाटावरची लिफ्ट एका टोकाला आणि रस्त्यावर नेणारी तिकीट गेटांपलीकडे पार दुसऱ्या टोकाला. आईला घेऊन गेलो की सगळ्यात जास्त चालणं या दोन लिफ्टच्या मध्येच होतं. फलाटावरच्या पाट्यांवर बाहेर पडायच्या दारांची अक्षरं ठळक आहेत, पण कोणत्या दाराला लिफ्ट आहे ते गेटाबाहेर गेल्यावरच समजतं. त्या अक्षराशेजारी लिफ्टचं छोटं चित्र लावायला कितीसा खर्च येणार?

सगळ्यात जास्त खटकलं ते पिवळ्या पट्टीचं. दृष्टिहीनांना पायाने आणि काठीने वाट कळावी म्हणून जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये उठावाच्या फरशा शोधल्या आणि १९६७ मध्ये ओकायामात त्या पहिल्यांदा रस्त्यावर बसल्या. इथे ती पट्टी फलाटापासून गेटापर्यंत सुरेख आली आहे. पुढे नेमका तिच्यावरच जाहिरातीचा उभा फलक. एका गृहस्थांची काठी त्यावर आपटली, ते थांबले, हाताने चाचपून बाजूने गेले, आणि तेवढ्यात त्यांची पट्टी सुटली. मी सांगितल्यावर कर्मचाऱ्यांनी फलक लगेच हलवला. काही दिवसांनी तो पुन्हा तिथेच. आता दिसला की दरवेळी सांगतो, तुम्हीही सांगत जा.

बाकी स्वच्छतागृहं बरी, मोबाइलला रेंज खालीही मिळते. उद्घोषणा मात्र घुमते, तिच्यापेक्षा फलाटावरचा फलक वाचावा.

ज्यांना जिने जमत नाहीत किंवा सोबत जड सामान आहे, त्यांनी फलाटावरची लिफ्ट ज्या टोकाला आहे त्या बाजूच्या डब्यात बसावं आणि बाहेर पडायला दहा मिनिटं जास्त धरावीत. निघण्याआधी स्टेशनच्या चौकशी क्रमांकावर लिफ्ट चालू आहे का विचारून घ्या, फोन उचलतात आणि नीट सांगतात.