पद्मिनीची नवी फायरवॉल: आठ महिन्यांनंतर

मागच्या जुलैत दाजीपूरच्या चढावर, ऐन पावसात, माझ्या प्रीमियर पद्मिनी गाडीचे वायपर बंद पडले. फ्यूज बदलला की लगेच उडायचा. शेवटी टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली डोकं घातलं. वायरिंगचा जुडगा फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीतून, आत येतो तिथे एक वायर पत्र्याच्या कडेवर घासून सोलली होती, तांबं उघडं पडलं होतं. भोकात ग्रोमेट, म्हणजे कडेला बसवायचं रबरी कडं, नव्हतंच. वरून सिलिकॉन थापलेलं, म्हणून नवी फायरवॉल बसवल्यावर आठ महिने कळलं नाही.

गाडी १९८९ची. काचेखालच्या जाळीत वर्षानुवर्षं पाला कुजून मूळ फायरवॉलची चाळण झाली होती. ठिगळं लावण्यापेक्षा कोल्हापूरच्या उद्यमनगरात १८ गेज सीआरसी (थंड लाटलेल्या पोलादी) पत्र्यात अख्खी नवी करून घेतली. पत्रा, मजुरी, रंग धरून सतरा हजार. या गाडीला वेगळी चेसिस (खालचा सांगाडा) नाही, सगळा भार बॉडीवर. म्हणून जुना पत्रा कापण्याआधी दोन्ही दारांच्या खांबांमध्ये चौकोनी पाइप आडवा टॅक करून (तात्पुरत्या टाक्यांनी जोडून) घ्यायचा मी हट्ट धरला. दारं आजही हलक्या हाताने लागतात.

सुरुवातीला मी वेल्डिंगवर नाराज होतो. कारागिराने सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) वेल्डिंगने सलग न मारता इकडे एक टाका, तिकडे एक, असं करत दोन दिवस लावले. मला वाटलं, मजुरी वाढवतोय. ते माझं चुकलं. सलग मारलं असतं तर पत्रा तापून ओढला असता. मधल्या उठावदार वळ्याही शोभेच्या नाहीत, त्यांच्यामुळेच एवढा मोठा पत्रा डब्यासारखा वाजत नाही. पत्र्याचं काम उत्तमच आहे.

पण भोकं! चोक, स्पीडोमीटर, वायरिंग, मिळून नऊ. सगळी पाडून तशीच सोडलेली. एकाच्या कडेवरून बोट फिरवलं तर कापलंच. आणि सिलिकॉन कुठलं, तर बाथरूमचं, आंबट वासाचं! तो वास अॅसेटिक आम्लाचा, सुकताना ते उघड्या लोखंडाला गंज लावतं. खरवडल्यावर प्रत्येक भोकाभोवती तांबूस कडं निघालं.

जाब विचारायला गेलो. कारागीर म्हणाला, "साहेब, सांधे बंद करायच्या सीलरचं विचारलं तेव्हा तुम्हीच खर्च नको म्हणाला होता." खरं आहे, साडेसहाशे रुपये वाचवायला मी नको म्हटलं होतं. पण ग्रोमेट ही गिऱ्हाइकाला विचारायची गोष्टच नाही. पंधरा रुपयांचं रबर! त्या वायरला फ्यूज होता म्हणून वायपरवर निभावलं. नसता तर वायरिंगच पेटलं असतं. आग आत येऊ नये म्हणून जी भिंत घालायची, तिच्याच कडेने वायर कापावी, याचा मला अजून संताप येतो.

मग सगळं मीच केलं. गोल कानशीने कडा मारल्या, गंज घासला, प्रायमर लावला, सांध्यांना सीम सीलर भरला. ग्रोमेट घेताना भोकाच्या मापाबरोबर रबरातली खाचही बघा, १.२ मिलिमीटर पत्र्यात रुंद खाचेचं बसवलं तर वायर ओढली की निघून येतं. अर्थिंगच्या बोल्टखालचा रंगही खरवडला, तेव्हा कुठे हेडलाइट नीट उजळले.

आता केबिनमध्ये पेट्रोलचा वास येत नाही, पायांना झळ लागत नाही. चोकच्या केबलच्या मापाचं ग्रोमेट मात्र अजून मिळालेलं नाही. तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलाय, दर रविवारी बॉनेट उघडून तो तपासतो.