फॅट बर्नर, पोटरीतले गोळे आणि ओआरएस: काही महिन्यांच्या वापरानंतर

मी बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहे. भट्टीजवळ ओतकाम असलं की शर्ट अक्षरशः पिळून निघतो, आणि शिफ्ट सुटली की टिळकवाडीत जिम. वजन उतरवायचं होतं म्हणून डॉक्टरांकडं बीपी, ईसीजी बघून घेतलं आणि कॅफीनवाली फॅट बर्नर कॅप्सूल सुरू केली. तिच्याबद्दल आधी उरकतो. एका कॅप्सूलमध्ये २०० मिलिग्रॅम कॅफीन. भूक थोडी मरते, व्यायामाला हुरूप येतो. वजन उतरलं ते मात्र रात्रीचा भात आणि बेकरीचं खाणं कमी केल्यामुळं, असं माझं स्पष्ट मत आहे.

लिहायचंय ते पायात येणाऱ्या गोळ्यांबद्दल. पहाटे पाय ताणला की पोटरी दगडासारखी घट्ट व्हायची, अंगठा आपोआप खाली वळायचा. त्या क्षणी सगळ्यात लवकर गुण येतो तो ताणण्यानं: गुडघा सरळ ठेवायचा, चवडा हातानं धरून हळूहळू नडगीकडं ओढायचा आणि गोळा सुटेपर्यंत तसाच धरायचा. लोणच्याचा खार प्यायल्यानं गोळा लवकर सुटतो, यावर २०१० मध्ये प्रयोग झालाय. खार रक्तात पोहोचायच्या आधीच गोळा सुटला, म्हणजे ते काम घशातल्या नसांचं असावं, असा प्रयोग करणाऱ्यांचा अंदाज होता. मी आंब्याच्या लोणच्याचा खार घेऊन बघितला. फरक वाटतो, पण मीठ फार पोटात जातं. बीपीवाल्यांनी या वाटेला जाऊ नये.

आता ओआरएस. डब्ल्यूएचओच्या सूत्रात लिटरभर पाण्याला २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, २.९ ग्रॅम सायट्रेट आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. मोठं पाकीट लिटरच्या बाटलीत पूर्ण ओतायचं. आमच्यातले काही जण अर्धं पाकीट पेल्यात ढवळून गटकन पितात. त्यानं मीठ-साखरेचं प्रमाण बिघडतं आणि पोटही. मी बाटली शिफ्टमध्ये घोट घोट संपवतो, तीही फक्त ओतकामाच्या दिवशी. एरवी ताक, शहाळं आणि साधं पाणी पुरतं. दुकानात खोक्यातली गोड पेयं ओआरएस म्हणून खपायची, म्हणून ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) तसं नाव लावायला बंदी घातली. पाकिटावर डब्ल्यूएचओ सूत्र लिहिलंय का, तेवढं बघूनच घ्या.

गोळे कमी झाले, पण श्रेय एकट्या ओआरएसला देणार नाही. संध्याकाळची कॅप्सूल बंद करून दुपारी जेवणानंतर एकच ठेवली. झोप सुधारली आणि पहाटेचा त्रास तिथूनच उतरला. निरोगी माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅम कॅफीनपर्यंत चालतं म्हणतात, पण त्यात कँटीनचा चहा-कॉफीही धरायचा. दमलेला स्नायू जास्त वळतो, म्हणून पायांच्या व्यायामाच्या आदल्या रात्री पुरी झोप हवीच. मॅग्नेशियमच्या गोळ्यांनी मला काही फरक जाणवला नाही.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. जिममध्ये पोरं विचारतात, ‘क्लेन घेतोय, गोळे येतायत, पोटॅशियमच्या गोळ्या चालू करू काय?’ क्लेन म्हणजे क्लेनब्युटेरॉल, घोड्यांच्या दम्याला वापरलं जाणारं औषध; पोरं ते चरबी उतरवायला घेतात. ते रक्तातलं पोटॅशियम पेशींमध्ये ढकलतं. शरीरातून ते गेलेलं नसतं, फक्त जागा बदललेली असते. औषध उतरलं की तेच पोटॅशियम परत रक्तात येतं, आणि वरून गोळ्या गिळलेल्या असल्या की पातळी एकदम चढू शकते. लिटरला ३.५ ते ५ मिलिमोलच्या आसपासची ही पातळी दोन्ही बाजूंनी बिघडली तर हृदयाचा ठोका चुकतो. हे औषध अर्धं उतरायलाच साधारण दीड दिवस लागतो, म्हणजे रोज घेणाऱ्याच्या अंगात ते साठत जातं. तिथं केळी, ओआरएस, टॉरिन (जिमवाले घेतात ते एक सप्लिमेंट) काहीही लावलं तरी धोका तसाच राहतो. गोळे, हात थरथरणं, छातीत धडधड, यातलं काही होत असेल तर औषध थांबवा, डॉक्टरांना नाव न लपवता सांगा आणि पोटॅशियम व ईसीजी करून घ्या. चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीला. तालमीतल्या पैलवानांनी तर याला हातच लावू नये. ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत त्यावर स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही, कायम बंदी आहे, आणि याच औषधापायी सायकलपटू अल्बर्टो काँटाडोरचं २०१० चं टूर द फ्रान्स विजेतेपद काढून घेतलं गेलं.

माझं पुढं असं ठरलंय: हे पॅक संपलं की कॅप्सूल बंद. ओआरएसची पाकिटं मात्र लॉकरमध्ये राहतील, उन्हाळ्यात भट्टीवर ती लागतातच. मूत्रपिंडाचा त्रास, बीपी किंवा साखर असणाऱ्यांनी तीही डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. चव म्हणाल तर संत्र्याची बरी, साधी फार खारट लागते.